पुरो

केप्याच्या बाजारात कासिमिर शिंप्याच्या दुकानाचं शटर
गुरुवारी साडेआठला अर्धंच उतरतं.
उरलेल्या अर्ध्यातून वाकून आत जायचं.
मी वाकले, पाठीवरची पिशवी पत्र्याला अडकली,
आणि माझ्याआधी तीच बोलली:
धडाम.

ही सगळी माणसं मला माहीत होती, बाहेरून.
आजऱ्याहून कंत्राटावर आलेली मी,
गळ्यात यंत्र, दर महिन्याला यांच्या भिंतींसमोर उभी.
क्लोतिल्दबाईंच्या मीटरमागे पाल राहते.
उदय फळदेसाईंचा जुना फ्रीज युनिटं खातो.
कुष्टा वेळीपांकडे दोन दिवे आणि एक कुत्रा,
ज्याला खाकी पिशवी सोसत नाही.
कुणाकडे किती उजेड जळतो, मी तोंडपाठ सांगेन.
त्या उजेडात बसून ही माणसं काय करतात, ते मात्र नाही.

'यो गो, लायट,' क्लोतिल्दबाईंनी स्टूल सरकवलं.
कापायच्या टेबलावर कुणाच्या तरी पँटीचं काळं कापड,
त्यावर खडूचे चार रकाने.
कासिमिरने पाचवा ओढला आणि नाव न विचारता
वर लिहिलं: लायट.

सहा फासे, एक करवंटी.
नियम सगळ्यांनी एकदम सांगितले,
म्हणजे कुणीच सांगितले नाहीत.
एक्क्याला शंभर, पाचाला पन्नास.
तीन सारखे पडले तर हिशेब वेगळा,
तो कुष्टा ओठ हलवत करतो
आणि त्यावर वाद घालायचा नसतो.
मिळालेले बाजूला ठेवून उरलेले पुन्हा टाकायचे, हवं तितकं.
एकदा काहीच नाही पडलं
की आधीचं सगळं गेलं.

लहानपणी गावच्या जत्रेत
फाशांच्या टेबलाशी उभी राहिले होते,
पेट्रोमॅक्सखाली चामड्याचा पेला गरगरत होता.
आईने मनगट धरून ओढत नेलं.
ते मनगट आज करवंटी हलवत होतं
आणि कुणीही ते धरत नव्हतं.

दोन एक्के. पुन्हा. एक एक्का, एक पाच.
साडेतीनशे! फळदेसाईंनी शेंग सोलायची थांबवली.
उरले दोन फासे. 'पुरे,' मी म्हटलं.
खडू उचलला गेला नाही.
'पुरे,' जरा मोठ्याने.
'तें आयकूंक येना,' कुष्टा म्हणाला,
'पुरो म्हण. त्याशिवाय फासे मिटत नाहीत.'

फरक एका कान्याचा.
पण 'पुरे' आमच्याकडे ताटावर हात आडवा धरून म्हणतात,
किंवा भांडणाच्या शेवटी, दार लावताना.
'पुरो'ला ओठ गोल करावे लागतात,
गरम चहावर फुंकर घालावी तसे.
मी ओठ गोल करीत होते,
आणि जीभ तयार होईपर्यंत
हातानेच घाई केली.

तीन. चार.
गेलं सगळं.

सगळे हसले, मीही, थोडी उशिरा.
मग कासिमिरने तो लाकडी फासा उचलून
माझ्या डोळ्यांसमोर फिरवला.
खरा हरवला तेव्हा सुताराकडून करून घेतलेला:
याला पाच नाही. चारच दोनदा कोरलेत.
'मग मला आधी का नाही सांगितलंत?'
'मला कळायला तीन महिने लागले होते,'
फळदेसाई म्हणाले, जरासे दुखावल्यासारखे.

साडेदहाला कासिमिरने कापड झटकलं.
जिंकलेले, हरलेले, लायट, सगळे धूळ होऊन उडाले.
उद्या त्याची पँट होईल, शनिवारी कुणीतरी घालेल.
'फुडल्या बिरेस्तारा पेलो घेवन यो,' क्लोतिल्दबाई म्हणाल्या.
इथे ज्याचा त्याचा पेला, हाही नियम राहून गेला होता.

निघताना आधी पिशवी बाहेर काढली, मग मी.
वेळीपांच्या वळणावर कुत्रा आलाच धावत.
मी थांबले, ओठ गोल केले.
'पुरो,' म्हटलं.
तो भुंकतच राहिला.
उच्चार अजून जमायचा आहे.